चाकातले मणी

मोटरसायकलच्या टायरमध्ये मूठभर मणी ओतायचे, हवा भरायची आणि गाडी पळायला लागली की चाक आपलं आपण बॅलन्स होतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, समोरचा फिरकी घेतोय. तुम्हालाही तसंच वाटत असेल तर हरकत नाही. पण हे मणी खरंच मिळतात. मोहरीपेक्षा बारीक, काचेचे किंवा सिरॅमिकचे गोल दाणे. पुढच्या चाकाला साधारण एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, आणि मागच्याला त्याच्या दुप्पट. अमेरिकेत ट्रकवाले आणि लांब पल्ल्याचे बायकर हा प्रकार बरीच वर्षं वापरतायत. दावा असा की रिमला वजनं चिकटवायला नकोत, मशीन नको, आणि टायर झिजत जाईल तसं बॅलन्सही आपोआप सुधारत राहणार. आमच्या धंद्याच्या भाषेत सेल्फ-हीलिंग सिस्टिम :)

सांगलीच्या माझ्या मामेभावाने हे मणी अमेरिकेतून येणाऱ्या मित्राकडून मागवले. त्याचं कुपवाडच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे हत्यारं भरपूर आणि उत्साह त्याहून जास्त. "भावा, तू पण घाल की अण्णांच्या बुलेटमध्ये. निम्मे उरलेत." तिथून हे सगळं सुरू झालं आणि माझे सलग चार-पाच वीकेंड पुणे-सातारा-सांगली करण्यात गेले.

आधी एवढा आटापिटा कशासाठी, ते सांगतो. टायर कधीच सगळीकडून सारख्या वजनाचा नसतो. रिमचा जोड, ट्यूबचा व्हॉल्व्ह, रबराचा थर, कुठे ना कुठे चार-दोन ग्रॅम जास्त असतातच. समजा एका बाजूला २० ग्रॅम जास्त आहेत. म्हणजे पाच रुपयांची तीन नाणी आणि वर थोडं. हातात घेतलं तर काहीच नाही. पण बुलेटचं १९ इंची चाक ताशी ८० ला सेकंदाला जवळजवळ पावणेअकरा फेरे घेतं, आणि तेवढ्या वेगाला हे २० ग्रॅम चाकाला सव्वादोन किलोच्या जोराने बाहेर ओढतात. प्रत्येक फेऱ्याला एकदा वर, एकदा खाली, एकदा पुढे, एकदा मागे. हाच जोर ताशी ४० ला अर्धा किलोच्या आसपास असतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून गावात गाडी लोण्यासारखी चालते आणि हायवेला लागली की हँडल गुणगुणायला लागतं.

साताऱ्यात हा प्रश्न कुणाला फारसा पडलाच नाही, यामागेही हा वर्गच असावा. १९७५ मध्ये बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स काढली. साताऱ्याच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर बनायची. आमच्या आळीत घरटी एक प्रिया होती असं म्हटलं तरी चालेल. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला गाडी आडवी करायची, दहा मिनिटांत स्टेपनी लावायची, चालू पडायचं. चाक बॅलन्स करा असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी खुळ्यात काढलं असतं. पन्नासच्या वर जायचंच नाही तर बॅलन्स कशाला? आजही एका टायरच्या दुकानात मी बाईकच्या चाकाचं विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, "बाईकचं कुठं बॅलन्स करतात व्हय?" त्याचं मशीन कारच्या चाकासाठी होतं. मध्ये मोठं भोक असलेलं चाक त्यावर चढतं. बाईकच्या चाकाला मधोमध बारीक एक्सल, त्याला वेगळा अडॅप्टर लागतो, तो त्याच्याकडे नव्हता.

आता अण्णांचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले त्याला तेरा वर्षं झाली. वय ७१. नोकरीभर बुलेटवर धरणं आणि कालवे फिरले. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थोडा थरथरायला लागला. चहाचा कप बशीवर ठेवताना किणकिण व्हायची. डॉक्टर म्हणाले वयाने होतंय, लक्ष ठेवू. त्यानंतर तीन महिन्यांनी बुलेटला पुढचा टायर नवीन घातला, आणि पुढच्याच आठवड्यात अण्णा कराडहून परत आले ते म्हणाले, "हँडल थरथरतंय रे सत्तरच्या पुढं."

घरात एकदम शांतता. आई काही बोलली नाही, पण रात्री मला फोन करून म्हणाली, "आता ती गाडी विकून टाक. हँडल नाही, हात थरथरतोय त्यांचा." ताईचंही तेच मत. आणि खरं सांगायचं तर अण्णांनाही मनातून तेच वाटत असावं. एरवी गाडीत काही वाजलं की ते तिथल्या तिथे मेकॅनिककडे नेतात. या वेळी गाडी नुसती अंगणात झाकून ठेवली होती.

पण त्यांनी एक गोष्ट करून पाहिली होती, आणि ती मला विचारल्यावरच सांगितली. सत्तरच्या वर गेल्यावर क्लच दाबून धरायचा. इंजिन आयडलला येतं, गाडी आपल्या वेगाने पळत राहते. थरथर गेली तर ती इंजिनची. राहिली तर चाकाची. "राहिली," अण्णा म्हणाले. "पण मग हाताची असली तरी राहणारच की." हे डीबगिंग आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना जमत नाही. मी शनिवारी पहाटे गाडी काढली, हायवेला उंब्रजपर्यंत जाऊन आलो. ७२-७३ ला सुरू, ८० ला स्पष्ट. माझे हात ३४ वर्षांचे आहेत आणि ते चहाच्या कपाला थरथरत नाहीत. म्हणजे चाकात काहीतरी होतं. अण्णांना तसं सांगितलं. ते "हं" म्हणाले. नुसत्या माझ्या शब्दावर त्यांचं समाधान होणार नव्हतं, आणि खरं तर व्हायलाही नको. थरथर घालवूनच दाखवावी लागणार होती.

तर, मणी घालायचे का? मी आधी कागद-पेन्सिल घेतली.

मणी कसे काम करतात हे समजायला एक सोपा प्रयोग करा. गाडीच्या किल्लीला वीतभर दोरा बांधा आणि दोऱ्याचं टोक हातात धरून हात सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवा. किल्ली हातासोबत जाईल. आता झपझप हलवा. हात डावीकडे तर किल्ली उजवीकडे! मधे एक वेग असा येतो की किल्ली वेड्यासारखी झोके घेते. तो त्या दोऱ्याचा स्वतःचा वेग. त्याच्या खाली सगळं सोबत, त्याच्या वर सगळं उलट.

चाकाचंही असंच आहे. चाक सस्पेंशनवर आणि टायरच्या रबरावर तरंगत असतं, त्यालाही असा स्वतःचा वेग असतो. त्याच्या वर गेलं की जड बाजू फिरण्याच्या केंद्राजवळ सरकते आणि हलकी बाजू केंद्रापासून लांब जाते. सुटे मणी नेहमी सगळ्यात लांबच्या जागी पळतात, म्हणजे नेमके हलक्या बाजूला. झालं बॅलन्स. पण त्या वेगाच्या खाली असलात तर उलटं. तेव्हा लांबची जागा म्हणजे जड बाजू. मणी तिथेच जाऊन बसतात आणि दुखण्यात भर घालतात.

ही काही नवीन विद्या नाही. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात तर ती रोज चालते, साखर कारखान्यांत. उसाचा रस आटवून झाला की साखरेचे दाणे आणि मळी वेगळी करायला सेंट्रिफ्यूगल मशीन असतं. मोठं जाळीचं पिंप, मिनिटाला हजारावर फेरे. त्यात पडणारा घट्ट लगदा कधीच सगळीकडे सारखा बसत नाही. पिंप पक्क्या बेअरिंगमध्ये आवळून ठेवलं तर मशीन पायासकट उखडेल. म्हणून ते वरून, थोडं डुलू शकेल असं, टांगलेलं असतं. ही टांगती रचना एकोणिसाव्या शतकात डेव्हिड वेस्टनने साखरेसाठीच केली. पिंप सुरू होताना थोडं भेलकांडतं आणि वेग वाढला की आपला मध्य आपणच शोधून शांत होतं. आमचे एक काका अशाच एका कारखान्यात होते, ते म्हणायचे, "तेला मोकळं सोडलं तरच सरळ चालतंय." घरात टॉप-लोड वॉशिंग मशीन असेल तर टबच्या वरच्या काठाची प्लॅस्टिकची जाड कडी बघा. बऱ्याच मॉडेलांमध्ये तिच्या आत मिठाचं पाणी असतं. कपडे एका बाजूला गोळा झाले की पिळताना ते पाणी दुसऱ्या बाजूला जातं. जुन्या ५२ एक्सच्या सीडी ड्राइव्हमध्ये याच कामासाठी छोट्या गोळ्या असायच्या.

म्हणजे तत्त्व शंभर टक्के खरं. प्रश्न एवढाच की मोटरसायकलचा तो मधला वेग कुठे येतो? वाहनांचं चाक रबरावर उडतं ते साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. बुलेटच्या चाकाचा घेर दोन मीटरहून थोडा जास्त. गुणाकार करा: ताशी ७५ ते ११० किलोमीटर. आणि चौपदरी रस्त्यावर दुचाकीला केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा किती? ८०! म्हणजे मणी ज्या वेगाच्या वर नीट काम करणार, तिथे अण्णांनी जायचंच नाहीये. वॉशिंग मशीन तो वेग काही सेकंदांत ओलांडून वर जातं. आपण मात्र बरोबर त्याच्या आसपासच रेंगाळणार. मणी विकणारे म्हणतात, चाळीसच्या पुढेच फरक पडतो. माझ्या हिशोबात तसं कुठे दिसत नव्हतं.

मामेभावाला हा हिशोब पटला नाही. "कागदावर काय, बघू की चालवून." त्याचंही बरोबर. मग रीतसर ब्लाइंड टेस्ट केली. त्याच्या गाडीला १७ इंची अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर. पुढच्या रिमला एका जागी मुद्दाम ३० ग्रॅम वजन चिकटवलं. आठवड्यात त्याने मणी घालायचे किंवा काढायचे, मला सांगायचं नाही. शनिवारी मी चालवायची आणि लिहून ठेवायचं. मिरजेच्या पुढे सोलापूरकडे जाणारा नवा चौपदरी रस्ता पहाटे मोकळा असतो. असे तीन शनिवार. पहिल्या शनिवारी पंचाहत्तरच्या पुढे एकसारखी थरथर. तिसऱ्या शनिवारी तंतोतंत तीच. दुसऱ्या शनिवारी मजा झाली. तीनदा थांबून पुन्हा वेग घेतला, त्यात दोनदा हँडल बऱ्यापैकी शांत आणि एकदा पहिल्यापेक्षाही वाईट. मणी दुसऱ्या शनिवारीच होते. एवढ्यावर कुणी पेपर छापणार नाही हे कबूल, पण मधल्या वेगाच्या आसपास मणी मन मानेल तिथे बसणार ही अपेक्षा होतीच. मामेभावाने वजन काढलं, मणी ठेवले. तो अजून खूश आहे.

अण्णांच्या गाडीत मात्र नाही, असं मी ठरवून टाकलं. त्यात ट्यूब. ट्यूबमध्ये व्हॉल्व्हमधून मणी ओतता येतात, पण कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते हवेबरोबर आत जातं आणि ओले मणी गोळा होऊन चिकटतात. व्हॉल्व्हच्या पिनमध्ये एक दाणा अडकला की हवा गळणार. आणि पंक्चर काढायला ट्यूब उघडणाऱ्या माणसाच्या मांडीवर अचानक मणी सांडले तर तो काय म्हणेल, ते इथे लिहिता येणार नाही.

त्यापेक्षा जुनी पद्धत. अंगणात, फुकट.

गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक बाहेर, ब्रेकची प्लेट काढून बाजूला. वजनाला हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, कारण चाक वाकडं असेल तर वजन लावून काही होत नाही. पहिली, टायर रिमवर नीट बसलाय का. टायरच्या बाजूवर, रिमच्या कडेला लागून, एक बारीक रेघ सगळीकडून गोल फिरते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. आमच्या टायरची ती रेघ व्हॉल्व्हजवळ वीतभर रिमच्या आत गडप झाली होती! म्हणजे टायर तिथे खाली बसलेला, चाक अंड्यासारखं. ज्याने टायर घातला त्याने घाईत घातला असणार. हवा सोडली, कडेला साबणाचं पाणी लावलं, टायरवर छापलेल्या कमाल प्रेशरच्या आत राहून हवा भरली. फट् असा आवाज आला आणि रेघ वर आली. टायर सोडवलेलाच होता म्हणून त्यावरचा पिवळा ठिपकाही फिरवून व्हॉल्व्हपाशी आणला. हा ठिपका टायरची सगळ्यात हलकी जागा दाखवतो, तो व्हॉल्व्हच्या वजनासमोर ठेवायचा असतो. पाच मिनिटांचं काम. पुढच्या वेळी टायर घालताना समोर उभं राहून करून घ्या.

दुसरी गोष्ट स्पोक. फोर्कजवळ पेन्सिल बांधून, चाक फिरवून रिमचा आउट किती आहे ते बघायचं. एक-दीड मिलिमीटर असेल तर सोडून द्यायचं. मग पान्याने एकेक स्पोक वाजवायचा. हे अण्णांनी केलं, डोळे मिटून. ताठ स्पोक टिण् वाजतो, सैल स्पोक ठप्प. दोन सापडले. "मिरजेला असतो तर तंबोरे लावले असते," असं ते स्वतःच म्हणाले आणि हसले. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. अण्णांना अजून नाही.)

मग खरं बॅलन्स. दोन बाजूंना विटांचे सारखे थर, त्यावर एक्सल आडवा, मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप लावून सपाट. चाक हलकेच ढकलून सोडायचं. जड बाजू खाली येऊन थांबते. पण बेअरिंगमधलं ग्रीस फसवतं, चाक थोडं अलीकडे अडकतं. म्हणून एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून सोडायचं आणि दोन खुणांच्या मधली जागा धरायची. तिच्या बरोबर समोर, वर, खडूने फुली. तिथे चिकटपट्टीने नाणी लावायची. २०११ नंतरचं पाच रुपयांचं नाणं बरोबर ६ ग्रॅमचं असतं, रुपया पावणेचारपेक्षा किंचित जास्त. दोन पाचची नाणी लावली, कमी. तीन, अजून थोडं कमी. तीन पाचची आणि एक रुपया, आणि चाक कुठेही सोडा, तिथेच उभं. चारी दिशांना करून पाहिलं. बावीस ग्रॅमच्या आत-बाहेर.

नाणी काढून तेवढ्याच वजनाची सोल्डरची तार स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली (आईची परवानगी, नंतर काटा धुवायच्या अटीवर. सोल्डरमध्ये शिसं असतं, हातही धुवा. युरोपात कारच्या चाकांना शिशाची वजनं २००५ पासून बंद आहेत). ती तार फुलीजवळच्या दोन स्पोकना, रिमला लागून, घट्ट गुंडाळायची. हे काम अण्णांनी मागून घेतलं. वेळ लागला. मी मधे हात घातला नाही. वेढ्याला वेढा चिकटून, मधे फट नाही.

आता कुणी म्हणेल की बावीस ग्रॅमसाठी एवढं पुराण! यंत्रांच्या बॅलन्सचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, पूर्वी आयएसओ १९४०, आता २१९४०. त्यात कारच्या चाकांना जी ४० हा दर्जा पुरतो. बारा किलोचं चाक आणि ताशी शंभरचा वेग धरून तो लावला तर रिमपाशी २४ ग्रॅमपर्यंतची चूक चालते! म्हणजे आमचं चाक कागदावर पास होतं. त्याच मानकात पंपांच्या पंख्यांना जी ६.३. तोच हिशोब केला तर पावणेचार ग्रॅम. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत पंप बनतात, ते या दर्जाच्या जगातले. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात मात्र १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून झाली. १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि तिथे कारखाना उभा राहिला. विषयांतर झालं, पण स्पोकच्या चाकावरून पंपाच्या पंख्यावर गेलेला हा माणूस मला नेहमी आवडतो. असो. माझा अंदाज असा की आमच्या थरथरीत मोठा वाटा नीट न बसलेल्या टायरचा होता आणि बावीस ग्रॅमचा त्यानंतर. दोन्ही एकाच दिवशी दुरुस्त केल्यामुळे वाटणी सांगता येत नाही. अण्णांना वाटणीत रस नव्हता.

रविवारी सकाळी ते स्वतः चालवून आले, मी मागे बसलो. नागठाण्याच्या पुढे काटा ८० ला नेला आणि तिथेच धरला. मग क्लच दाबला. वाऱ्याचा आवाज सोडून काही नाही. त्यांनी डावा हात किंचित सैल केला, परत धरला, उजवा सैल केला, परत धरला. बोलले काहीच नाहीत. घरी आल्यावर आईने चहा दिला, कप बशीवर ठेवताना किणकिणला. अण्णा म्हणाले, "हां, ही माझी." आणि मग आईकडे बघून, "ती गाडीची होती."

गाडी विकायचा विषय तूर्त बंद आहे. हायवेला ते आता आपणहून साठच्या वर जात नाहीत, आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय.

मागचं चाक राहिलंय. त्याला चेन, ब्रेकचा रॉड, सगळंच काढावं लागतं, आणि तिकडे बॅलन्सचा फरक हँडलला कमी, सीटला जास्त जाणवतो. अण्णांनी सोल्डरची आणखी एक रीळ आणून ठेवलीय, साठ-चाळीसवाली. पुढच्या शनिवारी पाऊस नसला तर.